पांढऱ्या सीटवरची हळद

सवत बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. माझी सवत म्हणजे सदुसष्ट सालची लाल अमेरिकन मस्टँग गाडी. ती आमच्या संसारात शिरली तेव्हा पर्णिका पहिलीत होती, आणि गेली तेव्हा पोरगी माझ्या खांद्याला लागली होती. मधली सगळी वर्षं मी जळत होते.

आमचे हे, गोपीनाथ, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या सीटा शिवायचे. दुकान यांच्या हातावर चालायचं, पण लायसन्स अरबाबच्या, म्हणजे आमच्या अरबी मालकाच्या नावावर. गाडीही त्याचीच. शेतघरामागे सडत पडलेली, आत उंदरांनी घर केलेलं. "गोपी, देखो कुछ होता है क्या," एवढंच तो म्हणाला आणि माझे सुट्टीचे शुक्रवार गेले. आमच्या अल मजाज भागातली सगळी कुटुंबं त्या दिवशी खाडीकाठी फिरायची, आम्ही मायलेकीच तेवढ्या बिनबापाच्या. हे तिच्यापाशी. माझी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी न विचारता फाडली, का, तर दुसऱ्या कापडाने तिच्या रंगाला ओरखडे येतात! आणि मला कधी आत बसू दिलं नाही. घामाने पांढरं रेक्झिन खराब होतं म्हणे.

"आई, आर यू जेलस ऑफ अ कार?" पर्णिका हसायची.

"हो, आहे! हसतेस काय?"

मग अरबाबने ती विकायला काढली. अबू धाबीचा जहूर जुन्या गाड्या जमवायचा, तो बघायला येणार असं ठरलं. मी त्या दिवशी श्रीखंड केलं. यांनी ताटातलं चिवडलं नुसतं. गाडीचं दार कोण लावेल, जोरात आपटेल का, हीच चिंता. त्या न पाहिलेल्या जहूरवर हे जळत होते आणि मी यांच्यावर.

जहूर यायच्या आदल्या दिवशी दसरा होता. "उद्या जाईल ती," हे म्हणाले. "आज तू ओवाळ तिला."

सवतीला ओवाळायचं! पण निरोपाचं आहे म्हणून गेले. बोनेटला कुंकू लावू देईनात, पॉलिश जाईल म्हणून. मग यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "आत बस. स्टिअरिंगला लाव."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी बसले. सीट इतकी सुरेख शिवली होती की मला रडूच आलं. माझ्या ब्लाउजला एक हुक लावून द्यायला यांना कधी वेळ नव्हता. स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं आणि उठताना हात टेकला. ओल्या हळदीचा पंजा, पाचही बोटं, पांढऱ्या सीटवर. साबण झाला, पेट्रोल झालं, पण हळद कसली जाते!

दुसऱ्या दिवशी मला घरी राहवेना, मीही दुकानात गेले. जहूरने दार उघडलं. "भाई, ये किसका हाथ है?"

हा परत गेला तर ती राहणार, आणि माझ्याच हाताने! यांनी नुसतं गप्प बसायचं होतं, गाडी यांच्यापाशीच राहिली असती.

"मेरा," हे म्हणाले.

जहूरने यांच्या राठ, रुंद पंजाकडे पाहिलं, मग माझ्या बांगड्यांकडे.

"सीट नया बना देता हूँ," हे पुढे म्हणाले. "फिर ले जाना."

"खलास," शेजारी उभा असलेला अरबाब म्हणाला, म्हणजे ठरलं. "यल्ला गोपी, बनाओ."

यांनी नवी सीट शिवली आणि गाडी गेली. जुनं रेक्झिन यांनी एका खुर्चीवर चढवून घरी आणलं, डाग वर ठेवून. संध्याकाळी चहा घेताना त्यावर हात फिरवत बसतात. माझा पुन्हा जळफळाट. म्हणजे गेली तरी घरात आहेच की ही बया!

परवा मी म्हटलं, "अहो, हॉलमध्ये अडचण होते, ती खुर्ची बाल्कनीत टाका."

"नको," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "उन्हात हळद उडते."