मावशींनी निवडलेली तार

सर्व्हरच्या खोलीत बारा महिने गारठा असतो, म्हणून मावशी बारा महिने स्वेटर घालत. हवामान केंद्रात त्यांना सगळेच मावशी म्हणायचे; संचालकसुद्धा, आणि ते त्यांच्याहून वर्षभराने मोठे होते. तरुणपणी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. ते बंद पडलं तेव्हा या केंद्राने त्यांना तारा ओढायला ठेवून घेतलं, आणि तारा ओढता ओढता त्या नेटवर्कच्या प्रमुख झाल्या. हा उपकार त्या कधी विसरल्या नाहीत. मागून येणाऱ्याचे हाल होऊ नयेत म्हणून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी बांधायच्या. अशी माणसं चुकतात तेव्हा मात्र साधीसुधी चुकत नाहीत.

केंद्रात चौसष्ट सर्व्हर मिळून एकच मोठं गणित सोडवायचे. त्यांनी एकमेकांशी कोणत्या तारेवरून बोलायचं, हे आठ वर्षांपूर्वी मावशींनी ठरवलं होतं. त्यांची कसोटी सरळ होती. एक अगडबंब फाइल या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर पाठवायची आणि घड्याळ बघायचं. फाइल भरभर गेली, साधं इथरनेट, म्हणजे कुठल्याही ऑफिसात असते ती नेहमीची तार, पास झालं, सगळ्यांनी मावशींची पाठ थोपटली.

दोन वर्षांनी पुराचा अंदाज काढणाऱ्या मॅडम केंद्रात आल्या. त्यांच्या मागे सगळे त्यांना नदीबाई म्हणत. त्यांचा प्रोग्राम नदीचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका सर्व्हरला वाटून देई. अंदाज हाती यायला पाच तास लागत, आणि वरचं पाणी खालच्या वस्तीत सहा तासांत पोचे. म्हणजे लोकांना घर सोडायला उरला जेमतेम तास.

"मावशी, नेटवर्कमुळे तर उशीर होत नसेल?" त्यांनी एका बैठकीत भीतभीतच विचारलं होतं.

मावशींनी तिथल्या तिथे फाइल पाठवून दाखवली आणि हसत म्हणाल्या, "मॅडम, नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळी बैठक खो खो हसली. नदीबाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. सहा वर्षं त्या मान खाली घालून आपला प्रोग्रामच दुरुस्त करत बसल्या.

आता नवे सर्व्हर येणार होते, आणि तार पुन्हा निवडायची होती. साधं इथरनेट घ्यायचं, की इन्फिनिबँड? हे दुसरं खास अशाच कामासाठी बनवलेलं, पण चांगलंच महाग. निर्णय शुक्रवारच्या बैठकीत व्हायचा होता. त्याच बैठकीत दुसरा विषय होता: संथ असल्यामुळे नदीचा प्रोग्राम बंद करणे.

विक्रेत्याने आठवडाभरासाठी इन्फिनिबँडचा एक स्विच, म्हणजे सगळ्या तारा एकत्र जोडायची पेटी, आणि आठ सर्व्हरपुरत्या केबल उसन्या दिल्या होत्या. मावशींनी आपली नेहमीची फाइल पाठवली. इन्फिनिबँड पुढे होतं, पण साधंही काही वाईट नव्हतं. अहवाल जवळजवळ लिहून झाला. फक्त शेवटचा रकाना रिकामा होता: 'प्रत्यक्ष प्रोग्राम चालवून पाहिला का?' नुसता रकाना भरायचा म्हणून मावशींनी नदीच्या एका छोट्या पट्ट्यापुरता नदीबाईंचा प्रोग्राम नव्या तारेवर लावला आणि त्या डबा खायला गेल्या.

परत आल्या तर प्रोग्राम थांबलेला. कोलमडला वाटतं, असं म्हणत त्यांनी चुका शोधल्या. चूक एकही नाही. त्याने आपलं काम पुरं केलं होतं, तेही बावन्न मिनिटांत. तेच आठ सर्व्हर, तोच प्रोग्राम. मावशींनी नव्या केबल काढून तेच पुन्हा जुन्या तारेवर चालवून पाहिलं. तीन तास दहा मिनिटं.

मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. नदीचा प्रोग्राम मोठाल्या फाइली पाठवतच नव्हता. 'माझ्या हद्दीवर पाणी एवढं चढलंय' एवढाच निरोप प्रत्येक सर्व्हर शेजाऱ्याला देई, आणि शेजाऱ्याचा निरोप येईपर्यंत हात बांधून बसे. असे निरोप लाखोंनी. जुन्या तारेवर एक निरोप पोचेपर्यंत नवीवरून तीस पोचत. मावशींनी आयुष्यभर मालट्रकचा रस्ता मोजला होता, आणि इथे शेजारणीला हाक मारायची होती.

देवाचे आभार मानावेत की त्या रकान्याचे, हे मावशींना कळेना. आणि भीतीही वाटली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. 'मावशींनी तपासलंय ना, मग झालं' एवढीच त्यांची आयुष्याची कमाई. गप्प बसून नुसतं इन्फिनिबँड सुचवलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग संथपणाचा ठपका नदीबाईंच्याच माथी राहिला असता.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी चिरत होता.

"अहो, काय करू?"

"मला काय विचारतेस? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" तो म्हणाला. "आणि तू झाकणारी असतीस, तर हे मला सांगितलंच नसतंस."

असा नवरा मिळाला याबद्दल मावशींनी मनातल्या मनात पुष्कळदा आभार मानले होते. त्या दिवशी उघड मानले. तो लाजला आणि सगळी भाजी नको तेवढी बारीक चिरून बसला.

शुक्रवारी मावशी उभ्या राहिल्या. "गणितासाठी इन्फिनिबँड घ्या, फाइलींसाठी साधं चालेल. आणि नदीचा प्रोग्राम बंद करू नका. तो कधीच संथ नव्हता. अंगणच वाकडं होतं, आणि ते मी आखलं होतं."

दोन्ही वेळांचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. संचालकांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे सहा वर्षं..."

"हो. माझ्यामुळे."

या खेपेला कुणी हसलं नाही. नदीबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. पुढे दोन्ही गोष्टी मंजूर झाल्या, पण मावशींचं लक्ष दाराकडेच होतं.

दुपारी नदीबाई सर्व्हरच्या खोलीत आल्या. रडून डोळे सुजले होते. मावशींनी हात जोडले. "मॅडम, बोला मला काय बोलायचं ते. मी ऐकून घेईन."

"सकाळी खूप बोलणार होते," नदीबाई म्हणाल्या. "म्हणून तर बाहेर गेले. मावशी, तो वेळांचा कागद मला द्याल? खाली तुमची सही करून?"

"संचालकांनी मंजूर केलंय हो सगळं."

"ऑफिससाठी नकोय. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. परवा गणित चुकलं तर म्हणाली, 'जाऊ दे, मी आईवर गेलेय, आमचं डोकं संथच आहे.' कुठून शिकणार ती? मीच रोज घरी जाऊन हे म्हणत होते." त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही सांगितलं नसतं तर मी जन्मभर तेच म्हणत राहिले असते. थँक यू, मावशी."

ज्या बाईला आपण भर बैठकीत हसलो, ती आपलेच आभार मानतेय, हे मावशींना सोसेना. त्यांनी कागद घेतला, सही केली. मग सहीखाली, कुणी मागितलं नव्हतं तरी, केबलच्या चिठ्ठ्यांवर लिहायच्या तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'बाळ, तुझी आई हुशार आहे. चूक माझी होती.'