चौदा ताटकळलेले

आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ताईंचं काम एकच: सर्व्हरवर कोणी काय उघडं ठेवलंय, यावर पहारा. नोंद बदलायला घेतली की ती पक्की करावी, नाहीतर रद्द. मधेच कोणी चहाला उठलं, की ती अडकून पडते आणि मागचे सगळे खोळंबतात. ताई दर अर्ध्या तासाने अशा अडकलेल्यांची यादी काढायच्या, की लगेच फोन. "उघडं टाकून कुठे गेला होतात? घरचं दारही असंच टाकता का?" मोठमोठे डॉक्टर त्यांना वचकून असत. मी शेजारच्याच टेबलावर, त्यामुळे मलाही तीनदा प्रसाद मिळालाय.

त्या दिवशी अकरा वाजता रक्तपेढीतून फोन आला. ऑपरेशन टेबलावर एक बाई, रक्त तयार, आणि पिशवीची नोंदच होईना. नोंदीशिवाय पिशवी बाहेर सोडत नाहीत. ताईंनी यादी काढली. चौदा जण ताटकळलेले, पण कोणामुळे ते दिसेना.

"लॅबवालीच असणार," ताई म्हणाल्या. ती नऊपासून रिपोर्ट भरत होती, सगळ्यात जुनं काम तिचंच. ताईंनी तिला न विचारता ते तोडलं. अजून पक्के न केलेले बावीस रिपोर्ट गेले, आणि चौदा जण तिथल्या तिथेच.

पुन्हा फोन. "अहो, किती वेळ? सर्जन ओरडतायत!"

ताईंनी पुन्हा यादी काढली. मी घाबरत विचारलं, "ताई, या यादीत तुमचं नाव कधीच कसं नसतं?"

"मी वगळलंय ते. माझ्यावर कशाला पहारा?" बोलता बोलताच त्या पांढऱ्याफटक पडल्या.

स्वतःचं नाव वगळणारी ओळ त्यांनी पुसली आणि यादी परत काढली. ताईंचं नाव, वेळ दहा चाळीस, आणि चौदाही जण त्यांच्याच मागे. एका पेशंटचा चुकलेला रक्तगट दुरुस्त करायला घेतला होता, तेवढ्यात त्यांच्या आईचा फोन आला होता.

"आटपा ना!" मी ओरडलो. तरी त्यांनी रक्तगट कागदाशी ताडून पाहिला, मगच पक्का केला. सगळे सुटले. पाच मिनिटांनी पिशवी आत पोचल्याचा निरोप आला.

ताई उठून लॅबमध्ये गेल्या, मी मागोमाग. लॅबवाली रडवेली होऊन पहिल्यापासून भरत होती.

"माझंच काही उघडं राहिलं का हो, ताई?"

"नाही गं," एवढंच म्हणून ताई शेजारी बसल्या आणि आकडे वाचून द्यायला लागल्या. मी दारात उभा राहून वाट बघत होतो. मला त्यांचा राग आला होता. सातव्या रिपोर्टाला त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझं राहिलं होतं."