काशीला नेलेला डबा कॅमेरा

कॅमेरा घेताना माझ्या भावाची फसवणूक झाली. दुकानदारानं केली असती तर मी दुकानासमोर उभी राहून चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. पण दुकानदार बिचारा सरळ होता. ज्याला दादानं सल्ला द्यायला सोबत नेलं होतं, त्यानंच फसवलं.

दादा म्हणजे भीमराज. भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होता. आम्ही पिंपरीला पत्र्याच्या चाळीत राहायचो. आई, दादा आणि मी. वडील लवकर गेले. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, त्यामुळे घरात दोन पगार यायचे आणि दादाला हौस परवडली असती. पण त्याला हौस कसली? सायकल पुसायची, शर्ट फाटेपर्यंत घालायचा आणि माणसांवर विश्वास ठेवायचा. या शेवटच्या हौसेवरून मी त्याला फार बोलायची.

त्याच्या शेजारच्या लेथ मशीनवर ज्ञानदेव होता. चऱ्होलीचा, चांगल्या बागायतदार घरातला, पण शेतीत मन रमेना म्हणून कंपनीत आलेला. दोघं एकाच दिवशी कामावर लागले आणि तेव्हापासून त्यांची जोडी जमली. शिफ्ट वेगळी पडली तर हातापाया पडून बदलून घ्यायचे. ज्ञानदेव आमच्याकडे आला की थेट चुलीपाशी. घरी माळकरी बापाच्या धाकानं जे ताटात पडत नसे ते सगळं तो आमच्याकडे चापून जायचा. सुकटीची चटणी तर तो बोटं चाटून खायचा. आई वाढताना म्हणायची, "जेव बाबा पोटभर, हितं कोण बघतंय तुला."

आम्ही मात्र त्याच्या घरी कधी जेवलो नाही. दादा चऱ्होलीला गेला की दोघं मळ्यात विहिरीपाशी बसायचे, पेरू खायचे आणि दादा परत यायचा. घरात का नाही बोलावलं, असं मी विचारलं तर म्हणायचा, "अगं, मळ्यात गार वाटतं." मळ्यात गार वाटतं! मला ते पटायचं नाही, पण दादाला पटत होतं, तिथं माझं काय चालणार?

त्र्याहत्तर साली दिवाळी झाल्यावर ज्ञानदेव काशीला निघाला. त्याचे वडील अण्णासाहेब यांना घरी गंगा आणायची होती, पण गुडघे साथ देईनात, म्हणून मुलाला पाठवत होते. बरोबर खात्यातले दोघं होते, त्याच्या भावकीतलेच. एक दिवस तो आमच्याकडे भाकरी मोडता मोडता दादाला म्हणाला, "भीमा, तूबी चल की राव. तुझं सारनाथ तिथनं हाकंच्या अंतरावर हाय." दादाचा घास हातातच राहिला. बुद्धानं पहिला उपदेश जिथं केला ती जागा बघायची, असं वडील म्हणायचे. त्यांचं राहिलं होतं. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "जा. आन् तितं तुमा दोघांचा एक फोटू काढा जोडीनं. भावासारकं ऱ्हाता, पर एकबी फोटू न्हाई."

खरंच नव्हता. आईच्या त्या बोलण्यावरून दादाच्या डोक्यात कॅमेरा शिरला. कुणाचा मागून आणलेला नाही, स्वतःचा. एका रविवारी दोघं पुण्याला लष्कर भागात गेले. मीही गेले, कारण पैसे थोडे माझेही होते आणि मला चपला घ्यायच्या होत्या.

दुकानदारानं काचेवर दोन कॅमेरे मांडले. एक नवा, देशी, काळा डबा. बटण दाबायचं, चावी फिरवायची, मागच्या लाल काचेत पुढचा आकडा आला की थांबायचं. दुसरा जर्मन, वापरलेला, चामड्याच्या पिशवीतला. झाकण उघडलं की भात्यासारखा पुढे यायचा. भावात उन्नीस-बीसचा फरक. पण त्या जर्मन कॅमेऱ्याला एक बारीक खटका होता. तो ओढला की कॅमेरा थोडा वेळ कुरकुर आवाज करी आणि मग आपोआप फोटो घेई. म्हणजे काढणाऱ्यानंही पळत जाऊन फोटोत उभं राहावं.

दादा त्या खटक्यावर लट्टू झाला. दुकानदारानं तो ओढून दाखवला, तर हा पळत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरखाली छाती काढून उभा राहिला. कॅमेऱ्यात रोलसुद्धा नव्हता. दुकानातली माणसं हसली, मी हसले, ज्ञानदेव हसला नाही.

"जुनं यंत्र हाय, भीमा," तो म्हणाला. "भाग जास्ती तेवढा बिघाड जास्ती. आपल्याला कळतंय न्हवं? काशीत बंद पडलं तर कुणाला दाखवायचं? डबा घे. डब्यात बिघडाया हायच काय?"

दादा म्हणाला, "पण मग काढणारा फोटोत कसा येणार?"

"अरं, मी हाय की. तुझा मी काढीन, माझा तू काढ."

टर्नरला टर्नरची भाषा पटली. दादानं जर्मन कॅमेरा एकदा उलटसुलट करून पाहिला, खटक्यावरून बोट फिरवलं आणि डबा घेतला. मला ज्ञानदेवाचं बोलणं शहाणपणाचं वाटलं, हे आता सांगायलाही जड जातं. परतताना दादानं तो डबा शर्टाच्या आत धरला होता, धूळ लागू नये म्हणून.

काशीचं मी दादाकडून ऐकलं ते असं. घाटावर फोटो, नावेत फोटो, पितळेच्या गडूत गंगा भरताना फोटो. सगळे दादानं काढले. मध्येच एकदा म्हणाला, आता कुणीतरी दुसरं काढा, मी उभा राहतो. तर ज्ञानदेव म्हणे, "तुझा हात थिर हाय, राव. आमी काढला तर मुंडकीच कापू." दादाला ती शाबासकी वाटली. असा आमचा दादा!

सारनाथला मात्र ज्ञानदेव त्याच्याबरोबर गेला. बाकीचे दोघं धर्मशाळेत झोपून राहिले. स्तूपासमोर त्यानं दादाचा एक फोटो काढला. रोलमध्ये शेवटचा एकच फोटो शिल्लक होता. दादानं तो जपून ठेवला होता, आईनं सांगितलेल्या जोडफोटोसाठी. तिथले एक भिक्खू जात होते, दादानं त्यांना हात जोडून थांबवलं. ते आनंदानं तयार झाले. दादा ज्ञानदेवाच्या खांद्यावर हात टाकायला वळला, तर हा कॅमेऱ्याची चावी फिरवत होता. फिरवतच राहिला. "संपला रं रोल," म्हणाला. भिक्खू हसून निघून गेले.

पिंपरीच्या स्टुडिओत रोल धुऊन आला तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, "शेवटचा फोटो कोरा गेला. न काढताच पुढं फिरवलाय." दादा मला म्हणाला, "त्याला सवय नाही ना डब्याची, चुकून फिरवला असेल." आईला तो एकट्याचा फोटो दाखवला. तिनं तो कपाळाला लावला, मग विचारलं, "आन् ज्ञानदेव?" दादा म्हणाला, "चऱ्होलीला काढू."

काशीहून आलं की गंगेची पूजा करून जेवण घालतात, त्याला मावंदं म्हणतात. ज्ञानदेवाकडच्या मावंद्याचा दिवस ठरला. फोटो तो आधीच घेऊन गेला, पाहुण्यांना दाखवायचे म्हणून. दादाला म्हणाला, "तू ये, पण दिवस कलल्यावर ये. पंगती उठल्यावर निवांत बसू." दादानं काय करावं? सकाळीच नवा रोल भरला, मला सायकलवर मागं बसवलं आणि निघाला. "घरचं कार्य आहे, चार हात लागतात. उशिरा जाऊन आयतं बसायचं का?" मला नेलं ते बटण दाबायला, म्हणजे या वेळी तरी दोघं फोटोत येतील.

दारात मांडव होता, पुरणाचा वास सुटला होता. अण्णासाहेब खाटेवर बसून भोवतीच्या पाहुण्यांना दादानं काढलेले फोटो दाखवत होते. "ही आमची तिघं. समदी घरचीच पोरं. बाहीरचं कुणी संगं न्हवतं, म्हणून तर मी सोडली."

"फोटू बाकी झ्याक आल्यात," एक पाहुणा म्हणाला. "काढलं कुणी?"

ज्ञानदेव पाण्याची कळशी घेऊन उभा होता. त्यानं वर पाहिलं आणि मांडवाच्या तोंडाशी त्याला आम्ही दिसलो. दादा हसत होता, गळ्यात डबा.

"घाटावर असत्यात की फोटूवालं, भाड्यानं," ज्ञानदेव म्हणाला.

अण्णासाहेबांनी त्याच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. "आन् हे कोण आलंय?"

"हे व्हय? पिंपरीच्या स्टुडिओतला माणूस हाय. फोटू धुऊन देतोय आपलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या चुलीपाशी बोटं चाटणारा हा माणूस! मी तोंड उघडणार तोच दादानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. त्याचं हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं. ते काढून घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं. तो चेहरा आठवला की आजही मला रडू येतं, आणि रडू आलं की राग येतो.

ज्ञानदेव लगबगीनं आला आणि आम्हाला गोठ्याच्या बाजूला घेऊन गेला. "भीमा, समजून घे राव. तू येतोयस म्हणालो असतो तर अण्णांनी मला सोडलंच नसतं. कळलं तर आणलेली गंगासुदीक वतून देतील."

"हे कधी ठरवलंस?" दादानं विचारलं.

ज्ञानदेव हातातली कळशी खाली ठेवू लागला.

"दुकानात?"

"अरं, खटक्याचा घेतला असतास तर तू फोटूत आला असतास," तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला. "मग घरी दाखवायचं काय? मला तू पायजे व्हतास, राव, म्हणून केलं."

त्याला दादा हवा होता, फक्त कुणाला दिसायला नको होता! मी म्हणाले, "आणि सारनाथला चावी?"

तेवढ्यात मांडवातून अण्णासाहेबांनी हाक मारली. "ए फोटूवाल्या, आलाच हाईस तर आमचा घरच्यांचा एक काढ. मग जेवून जा, भाईर पत्रावळ मांडाया लावतो."

मला वाटलं दादा आता डबा आपटेल, निदान चालता होईल. तो गेला आणि उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. बायका, पोरं, सुना, सगळे खाटेभोवती उभे राहिले. ज्ञानदेव मान खाली घालून कडेला उभा. दादानं डब्यातून पाहिलं, मग डोळा बाजूला घेतला.

"ज्ञानदेवराव," तो म्हणाला, "तुम्ही जरा वडलांच्या जवळ सरका. आणि इकडं बघा."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुकानातला माणूस असंच बोलणार. फक्त ज्ञानदेवाचा चेहरा पांढराफटक पडला. दादानं बटण दाबलं, डबा पिशवीत घातला आणि आम्ही न जेवता निघालो. घरी आईला दादा एवढंच म्हणाला, "रोल खराब निघाला."

कंपनीत लेथ हलत नसतात. दोघं शेजारी शेजारीच उभे राहिले, तीच शिफ्ट, तीच मशीन. दादा भांडला नाही. घरच्यांचा फोटो धुऊन पाकिटात घालून त्यानं ज्ञानदेवाला नेऊन दिला. बोलणंही बंद केलं नाही. "तुमचं मायक्रोमीटर जरा देता का?" "अहो, सुपरवायझर बोलावतायत तुम्हाला." आवाज साधा, तोंडावर राग नाही. खात्यातल्या लोकांना आधी गंमत वाटली, मग त्यांनी दोघांच्या मध्ये बसून डबा खायचं सोडून दिलं.

तीन-चार वर्षांनी खंडेनवमीला मशीनची पूजा चालली होती. दादा लेथला झेंडूचा हार घालत होता. ज्ञानदेव सगळ्यांदेखत त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. डोळे भरलेले. "भीमा, शिव्या घाल मला. पायताण काढ. आयमाय उद्धार, कायबी कर. पर हे अहो-जाहो बंद कर राव, मला सोसंना."

दादानं हाराची गाठ मारली आणि हात पुसले.

"अहो, तुम्हाला मी शिव्या कशा देणार?" तो म्हणाला. "आपली ओळख कुठंय?"