पोत्यामागे चार रुपये तोटा

पुण्यात कुणीही कुणालाही विचारू शकतं, ‘महिन्याला किती सुटतात?’ रिक्षावाले विचारतात, आत्या विचारते, शेजारचे मेडिकलवाले बिल फाडता फाडता विचारतात. कंपनीने मात्र ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं की आकडे बाहेर बोलायचे नाहीत. मी तीन वर्षं बोलले नाही. तसंही मला बोलायला फारसं आवडत नाही. आता सांगते.

वाघोलीत माझं कुत्र्यामांजरांच्या खाण्याचं आणि सामानाचं दुकान आहे. सुरुवातीला ती एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी होती. फी चार लाख, कंपनीकडे अनामत एक लाख. आतली सजावट नऊ लाख, आणि ती त्यांच्याच कंत्राटदाराकडून करून घ्यायची. आमच्या ओळखीचा सुतार निम्म्यात करून देत होता, तो चालला नाही. पहिला माल आठ लाखांचा, गाळ्याचं डिपॉझिट दोन लाख. एकूण चोवीस. त्यातले सोळा बाबांचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होताना हातात आलेले. आठ माझे, आयटी कंपनीत सात वर्षं हेडफोन लावून बसल्याचे.

करार इंग्रजीत होता, म्हणून तो वाचण्याचं काम माझं. बाबा म्हणाले, “एवढ्या फिया भरून तुला कॉन्व्हेंटात घातलं, ते आज वसूल होऊ दे.” मी तीनदा वाचला. दरमहा सहा टक्के रॉयल्टी असं लिहिलं होतं आणि पुढे ‘ग्रॉस’ असा शब्द होता. त्याचा अर्थ मला माहीत होता: खर्च वजा न करता, एकूण विक्रीवर. तरी मी स्वतःची समजूत घातली की प्रत्यक्षात असं नसेल, कुणीतरी विचारेलच. सहीआधी कंपनीने हॉटेलात ठेवलेल्या माहितीच्या बैठकीत वीसेक जण होते. मी डायरीत प्रश्न लिहून नेला होता: रॉयल्टी विक्रीवर की नफ्यावर? पडद्यावर हसऱ्या लॅब्रेडॉरचे फोटो सरकत होते. सगळे माना डोलावत होते. ‘एनी क्वेश्चन्स?’ असं विचारलं गेलं तेव्हा मी डायरी मिटून मांडीवर ठेवली. चहा झाला, आम्ही घरी आलो, पुढच्या आठवड्यात सही केली.

रॉयल्टी विक्रीवरच होती.

तिचा अर्थ मला एका पोत्यावर कळला. पंधरा किलोचं कुत्र्याचं खाणं, छापील किंमत छत्तीसशे. मला पडायचं तीन हजार पन्नासला. समोरच्या सोसायटीतले लोक पोतं घ्यायला आले की आधी मोबाईल काढायचे, ऑनलाइनचा भाव माझ्यापुढे धरायचे आणि काही न बोलता थांबायचे. मीही न बोलता दहा टक्के सोडायचे. म्हणजे हातात आले बत्तीसशे चाळीस. त्यावर कंपनीचे सहा टक्के, एकशे चौऱ्याण्णव रुपये. माझे उरले होते एकशे नव्वद. दुकानातली सगळ्यात मोठी वस्तू विकून मला चार रुपये तोटा झाला होता, आणि ते पोतं गिऱ्हाइकाच्या गाडीच्या डिकीत मीच ठेवून दिलं होतं.

पट्टे, शाम्पू, खेळणी यांवर बरं सुटायचं. पण कंपनी न मागता कुत्र्यांचे वाढदिवसाचे टोप आणि मांजरांचे गॉगल पाठवायची, ते पडून राहायचे. साडेतीन लाखांची विक्री झाली तर सरासरी सत्त्याहत्तर हजार सुटायचे. त्यातून रॉयल्टी एकवीस, भाडं बत्तीस, वीज सात, दुपारपासून मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार बारा. राहिले पाच हजार. मला. माझ्या जुन्या ऑफिसात लोक तेवढ्याची कॉफी पीत असत.

बाबा महिन्यातून एकदा यायचे, स्टुलावर बसून एसीकडे बघायचे. एकदा म्हणाले, “आमच्याकडे निदान आवाज तरी व्हायचा. तुझ्याकडे नुसताच धूर.” त्यांनी पैसे कधी मागितले नाहीत. पण आईने बाल्कनीला जाळी लावायचा विषय काढला की ते म्हणायचे, “पुढच्या वर्षी बघू.” ते ‘पुढच्या वर्षी’ माझ्या दुकानात अडकलं होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

गाळ्याच्या मालकीणकाकू मागच्याच वस्तीत राहायच्या. त्यांच्या जमिनीवर ही इमारत उभी राहिली होती. दुपारी त्या एसीत टेकायला येत. “गार हाय बाई तुझं दुकान,” त्या म्हणायच्या. “गिऱ्हाईक न्हाई, पर गार हाय.” त्यांचा कुत्रा भाकरीवर वाढलेला होता आणि माझ्या पोत्यांवरचा भाव वाचून घेतल्यावर त्या माझ्याकडे जरा काळजीने बघत.

सुट्या मालाची सुरुवात एका वॉचमनकाकांपासून झाली. ते यवतमाळकडचे, समोरच्या सोसायटीच्या गेटवर असत. गेटवर तीन कुत्रे होते, त्यातली एक नुकतीच व्यालेली. काउंटरवर कंपनीचं स्टिकर होतं, सुटा माल मिळणार नाही. काका आले आणि म्हणाले, “ताई, पाव किलो भेटन का?”

मी स्टिकरकडे बोट केलं.

“वाचलं जी,” ते म्हणाले. “म्हणूनच तर विचारून राहिलो. वाचून समाधान नाही झालं.”

मी नाही म्हटलं. ते तिसऱ्या दिवशी परत आले. तोच प्रश्न, तोच चेहरा. मी काउंटरखाली एक पोतं उघडलं आणि पाव किलो कागदी पिशवीत घालून दिलं. साठ रुपये. त्यांनी ते मोजून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत भांडी करणाऱ्या दोन बायकांना पाठवलं. मग कॉलेजचे विद्यार्थी येऊ लागले, सहा जणांत एक मांजर पाळणारे. मग मालकीणकाकूंच्या भावकीतल्या सुना, सासऱ्यांना कळू न देता. आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अख्ख्या पोत्यावर मोबाईल निघतो. पाव किलोवर कुणी मोबाईल काढत नाही. छापील भावाने, पै न सोडता, माझ्या हिशोबाने एका पोत्यामागे साडेपाचशे सुटायला हवे होते.

मी लपवाछपवी केली नाही. कंपनीच्या संगणकात सुट्या मालाची नोंदच होत नसे, म्हणून गिऱ्हाइकाला हाताने पावती लिहून द्यायचे आणि पोतं संपलं की पूर्ण किमतीला त्याचं बिल फाडायचे. सहा टक्के त्यावरही भरले. तरी एरिया मॅनेजरने एकदा दुकानातल्या कंपनीच्या कॅमेऱ्यात बघून फोन केला, “मॅडम, ये किराना दुकान नहीं है. ब्रँड डायल्यूट होतो.” मी ‘ओके सर’ म्हटलं आणि कॅमेऱ्याची नजर टाळून पोतं डावीकडे सरकवलं.

तिसरं वर्ष संपत आलं. करार वाढवायचा तर नव्याने दोन लाख भरायचे. मी हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. त्याच सुमारास मॅनेजरांचा फोन आला की उद्या सकाळी एका जोडप्याला दुकान दाखवायला आणतो, ते खराडीत फ्रँचायझी घेताहेत. “बस दोन शब्द पॉझिटिव्ह बोला. तुमच्या रिन्यूअलचं मी बघतो. फी में भी कुछ करते हैं.”

जोडपं माझ्याच वयाचं. दोघांच्या गळ्यात आयटी कंपनीची ओळखपत्रं, दोघं ऑफिसला जाता जाता आलेले. नवरा टोपांचे फोटो काढत होता. ती मात्र काउंटरशी उभी होती, छातीशी डायरी धरून. मॅनेजर म्हणाले, “विचारा ना मॅडमना, तीन सालसे चला रही हैं.” तिने डायरी उघडली, बघितली, आणि “नाही, तसं काही नाही,” म्हणाली. तिचं पान माझ्याकडून उलटं दिसत होतं. अक्षर सुबक होतं. दुसऱ्या ओळीत रॉयल्टी लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह.

“छान चाललंय ना मॅडम?” मॅनेजरांनी विचारलं.

तेवढ्यात वॉचमनकाका आत आले. मॅनेजरांच्या कोटाकडे बघून ते दारातच थांबले. “नंतर येतो जी.”

“थांबा काका,” मी म्हटलं. डावीकडचं पोतं रिकामं होतं. मी रॅकवरून नवीन उचललं, काउंटरवर ठेवलं, कात्री घेतली आणि त्याचं तोंड वरून सरळ कापलं. कॅमेरा बरोबर डोक्यावर होता. पाव किलो पिशवीत घातलं, साठ रुपये घेतले, पावती लिहिली. मग त्या मुलीकडे बघून म्हटलं, “विक्रीवर.”

“काय?”

“रॉयल्टी. विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. हे पोतं सवलत देऊन अख्खं विकलं तर मला चार रुपये तोटा होतो.”

मॅनेजर इंग्रजीत म्हणाले की हा कॉन्टेक्स्टच्या बाहेरचा आकडा आहे. मी पोत्याचं खरेदीचं बिल तिच्यापुढे ठेवलं. ती उभ्या उभ्या हिशोब लिहायला लागली, आणि नवऱ्याने टोप रॅकवर परत ठेवला. जाताना मॅनेजर फक्त एवढंच म्हणाले, “आपने अपना नुकसान कर लिया, मॅडम.”

केलंच. आठवड्यात मेल आली. नियमभंग, करार वाढवला जाणार नाही, अनामत एक लाख जप्त, बोर्ड पंधरा दिवसांत उतरवायचा. मी ती बाबांना मराठीत वाचून दाखवली. एक लाख म्हणजे बाल्कनीच्या कितीतरी जाळ्या. मला वाटलं होतं की ते म्हणतील, बंद कर आणि नोकरी बघ. त्यांनी चष्मा काढून पुसला. “पोत्यातून काढून देतेस ते मोजतेस कशावर?”

“अंदाजाने. पावाचं माप आहे.”

“अंदाजाने,” ते म्हणाले, जणू मी काहीतरी अश्लील बोलले होते. बत्तीस वर्षं ते कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते. दुसऱ्या दिवशी कसब्यातून इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आले, रिकामी पिशवी ठेवून शून्यावर आणला आणि स्टुलावर बसले. माझा पावकिलो दोनशे ऐंशी ग्रॅमचा निघाला. “म्हणून सुटत नव्हतं तुझं,” ते म्हणाले.

बोर्ड उतरला तेव्हा मालकीणकाकू बघायला उभ्या होत्या. “आता एसी तरी ठिवशील ना?” मी ठेवला, दुपारपुरता. कंपनीला जाणारे एकवीस हजार वाचले. विक्री पडली, तीन लाखांवर आली, पण टोप-गॉगल यायचे थांबले, सवलतीतली पोती कमी झाली, सुटा माल काट्यावर मोजून छापील भावाने जाऊ लागला, आणि गेल्या महिन्यात सगळं जाऊन बत्तीस हजार हातात राहिले. माझ्याबरोबर नोकरीला लागलेल्या मुली याच्या चौपट मिळवतात. मला माहीत आहे, मला तेही विचारलं जातं. चोवीस लाख परत यायला बरीच वर्षं लागतील. पण त्यातले पहिले पंधरा हजार बाबांच्या खात्यात गेलेत, आणि बाल्कनीला जाळी लागली आहे.

परवा एक बाई मोबाईल हातात धरून आत आल्या. भिंतीवर जुन्या बोर्डाची फिकट चौकट अजून दिसते, ती त्यांनी बघितली.

“इथलं ते ब्रँडेड दुकान बंद पडलं वाटतं?”

“हो,” मी म्हटलं. “हे माझं आहे. किती देऊ?”