एकच नग शिल्लक

थांबाशेठच्या सलूनातल्या खुर्चीत बसणं म्हणजे हळूहळू तळ गाठणं. गिऱ्हाईक बसायचं तेव्हा आरशात छातीपर्यंत दिसायचं. एक गाल होईस्तोवर नुसतं कपाळ उरायचं. मग थांबाशेठ वस्तरा बाजूला धरून म्हणायचा, "टाचा टेका!" गिऱ्हाईक टाचा टेकून बूड उचलायचं, हा पायाने खालचा दांडा सहा वेळा दाबायचा, खुर्ची कण्हत वर यायची आणि दुसऱ्या गालाला हात लागायचा. जुनी माणसं तर आता सांगायच्या आधीच उठायची.

खुर्चीसाठी पैसे नव्हते असं नाही. ते केव्हाचे बाजूला काढलेले. नडत होतं ते शहाणपण.

झालं असं, की सलूनचं सामान पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने नव्या खुर्चीचे अठरा हजार सांगितले. थांबाशेठच्या मुलीने मोबाइलवर एक साइट उघडून दिली. तिच्यावर एकच वस्तू दहा दुकानांत कितीला मिळते ते एकाखाली एक दिसायचं. तीच खुर्ची, तोच रंग, अकरा हजार! थांबाशेठने मोबाइल व्यापाऱ्याच्या नाकासमोर धरला. व्यापाऱ्याने घाम पुसला, चहा मागवला आणि बारावर आला. उभ्या आयुष्यात थांबाशेठपुढे व्यापारी नरमला तो पहिल्यांदा. ती चव जिभेला लागली ती लागलीच.

"बारा? थांबा. अजून उतरेल," म्हणून तो घरी आला. हे नाव त्याला तेव्हापासून पडलं.

भाव साडेदहावर आला. थांबा. दहावर आला. थांबा. मग एका सकाळी तेरावर गेला आणि थांबाशेठला दिवसभर जेवण गेलं नाही. साबण, ब्रश, टॉवेल, सगळं तो त्या साइटवर पडताळू लागला. एकदा कंगवा स्वस्त मिळाला आणि तो पोहोचवायला कंगव्याच्या दुप्पट पैसे लागले, ते त्याने घरी सांगितलं नाही. असे आठ महिने गेले. वाकून वाकून त्याच्या कमरेचा पार काटकोन झाला. पडद्यापलीकडे बायको शिलाई मशीनवर बसायची, तिथून आवाज यायचा, "गिऱ्हाईक खुर्चीत बसतं आणि तुम्ही मोबाइल घेऊन बसता! ती खुर्ची जमिनीत गेली की वर झाड लावा."

त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे हेडमास्तर. सलून उघडलं त्या दिवशी पहिली दाढी त्यांची. त्याआधी शाळेत त्यांनी थांबाशेठला गणितात दोनदा नापास केलेलं. प्रश्न पुरता न वाचताच उत्तर लिहायचा म्हणून. आता मास्तरांनी ऐंशी ओलांडलेली, पण दर दोन दिवसांनी काठी टेकत यायचे. अशाच एका आठवड्यात वस्तरा गळ्याशी असताना खुर्ची एकदम वीतभर खाली गेली. नुसतं ओरखडलं, रक्ताचे दोन थेंब. पण मास्तरांची लेक दवाखान्यात नर्स. ती संध्याकाळी दारात उभी.

"दादा, सोमवारपर्यंत खुर्ची धड झाली नाही, तर आप्पांना समोरच्या काचेच्या सलूनात नेईन. सांगून ठेवते."

"ताई, थांबा, अजून—"

"सोमवार," ती म्हणाली आणि गेली.

शनिवारी मास्तर लेकीला न सांगताच आले. अर्धी दाढी झाली आणि मोबाइल टिणटिणला. थांबाशेठने मान लांबवून पाहिलं. हायड्रॉलिक खुर्ची, सहा हजार दोनशे. एकच नग शिल्लक!

पण अर्धा चेहरा सोडून हात दुसरीकडे घालायचा नाही, हा त्याचा नियम. वडिलांनी घालून दिलेला. एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात मास्तरांची हनुवटी.

"मास्तर, तेवढं बटण दाबता?"

मास्तरांनी फेसावरच चष्मा चढवला. "थांब. खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलंय."

"राहू द्या हो ते! दुसरा कोणीतरी घेईल!"

"अरे, आधी पुरतं वाचावं—"

"मास्तर, पाया पडतो, वाचू नका! दाबा!"

मास्तरांनी दाबलं.

सोमवारी खोकं आलं. खुर्चीच्या मानाने ते लहान होतं, पण थांबाशेठ म्हणाला, सुटे भाग असतील. खोकं फोडलं. आतून लालभडक मोटारगाडी निघाली. दोन दिवे, स्टिअरिंग, हॉर्न आणि मधे वीतभर बैठक. खोक्यावर बारीक अक्षरांत होतं: लहान मुलांचे केस कापायची खुर्ची, वय दोन ते सात वर्षे. त्याखाली: परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा. पडद्यामागचं मशीन थांबलं. बायको बाहेर आली, तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि पदर तोंडात कोंबून मटकन खाली बसली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती.

तेवढ्यात नर्सताई आप्पांना घेऊन दारात.

"हीच का नवी खुर्ची?"

"मी वाचत होतो," मास्तर शांतपणे म्हणाले. "हाच म्हणाला, दाबा."

बायकोने हसता हसता दाबलेला हॉर्न ऐकून शेजारच्या गॅरेजातला फिटर आला. पोटभर हसून झाल्यावर तो सवयीने जुन्या खुर्चीत टेकला, खाली गेला, आणि हसायच्या भरात तिथूनच घसरून जमिनीवर आडवा झाला. पडल्यापडल्या त्याला खुर्चीचं बूड दिसलं.

"शेठ, हिची रबराची रिंग गेलीय. तेल गळतंय. अर्ध्या तासाचं काम."

थांबाशेठ उखडला. "आठ महिने तू हिच्यात बसून दाढी करतोयस!"

"मला वाटलं, नवी यायचीय. रोज म्हणायचास, आज-उद्या येईल. विचारलंस का कधी?"

"तू कुठे त्या साइटवर होतास!"

फिटरने रिंग बसवली, तेल भरलं आणि मोबदला म्हणून दोन दाढ्या मागितल्या. थांबाशेठच्या ओठावर काहीतरी आलं होतं. बायकोने नुसतं पाहिलं, तसं त्याने ते गिळलं.

नर्सताई मात्र अशी ऐकणारी नव्हती. ती स्वतः खुर्चीत बसली, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि दहा मिनिटं हलली नाही. आरशात तिची हनुवटी जिथे होती तिथेच राहिली.

"बसा आप्पा," ती उठत म्हणाली.

मास्तर बसले. थांबाशेठने फेस लावला, वस्तरा धरला आणि एक गाल करून पायाने दांडा चाचपला. गरजच नव्हती. कंबर हळूच सरळ केली तेव्हा आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. बऱ्याच दिवसांनी.

फळीवर मोबाइल टिणटिणला.

फिटरने मान वळवली. बायकोचा हात पडद्यावर थांबला. थांबाशेठने वस्तरा दुसऱ्या गालावर टेकवला.

मास्तरांनी एक डोळा उघडला. "बघ तरी रे. भाव उतरला का?"

"मास्तर," थांबाशेठ म्हणाला, "मान वर."