चौथा उद्गार

आमच्या निपाणीच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेची उपासना दुपारी बाराला सुरू होते आणि तीनला संपते. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. प्रत्येकाचे बोलणे झाले की एक गीत आणि एक प्रार्थना होते. ऊन ऐन भरात असते. पंखे तापलेली हवाच खाली ढकलतात, बायका पदराने वारा घेतात आणि लहान मुले बाकांखाली थंड फरशीवर आडवी होतात.

कोणता उद्गार कोणी घ्यायचा, हे ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, घरी ठरते. निदान एक उद्गार तरुण मुलामुलींपैकी कोणाला तरी द्यायचा, अशी जुनी रीत आहे. तिच्या जोडीला दुसरीही एक रीत आहे, जी कोणी ठरवली नाही पण सगळे पाळतात. बोलणार मूल, पण लिहून देणार घर. आई किंवा वडील भाषण तयार करतात आणि मूल ते तोंडपाठ करते. त्या दिवशी पहिल्या बाकावरची आई मुलाबरोबर ओठ हलवत असते आणि मूल अडखळले की पुढचा शब्द आईच्याच तोंडून निसटतो. मी हायस्कूलची शिक्षिका असल्याने शेजारपाजारच्या मुलांनाही अशी भाषणे लिहून दिली आहेत. मुलांना विश्वासात वाढवण्याचा हा चांगला मार्ग आहे, असे आम्हा सर्वांनाच वाटत असे.

माझी मुलगी तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती. आदल्या पावसाळ्यात तिचा मामा, म्हणजे सदलग्याला राहणारा माझा धाकटा भाऊ, वारला. मूत्रपिंडाच्या आजाराने तो बेळगावच्या दवाखान्यात पडून होता, तेव्हा सगळ्या मंडळीने त्याच्यासाठी उपास धरून प्रार्थना केल्या होत्या. मुलीनेही उपास धरला होता. चर्चमध्ये ती कीबोर्ड वाजवत असे, तो वाजवायला मामानेच शिकवले होते. तो गेल्यावर तिने वाजवणे सोडले आणि काही महिन्यांत रविवारी चर्चला येणेही जवळजवळ थांबवले.

"डोकं दुखतंय," ती म्हणायची.

"रविवारीच बरं दुखतं!" तिचे पप्पा म्हणायचे. "काल मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाताना गोळी घेतलीवतीस काय?"

"पप्पा, तुम्ही तरी उपदेशाला जागे असता काय?"

यावर घरात हसू व्हायचे आणि विषय तेवढ्यापुरता टळायचा. परंतु ती आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची, तेव्हा आम्हा दोघांच्या मनात एकच भीती असायची. शाळेतल्या मुलांचा अभ्यास मागे पडला तर तो कसा भरून काढायचा, हे मला ठाऊक होते. येथे काय मागे पडले आहे, तेच कळत नव्हते. आम्ही समजावले, रागावलो, तिच्या आवडीच्या मावशीला सांगून पाहिले. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि पुढच्या रविवारी तिचे डोके पुन्हा दुखायचे.

त्या वर्षी उद्गार वाटून घेण्याच्या बैठकीला ती माझ्याबरोबर आली, ती केवळ पाळकबाईंचा मोबाईल नीट करून द्यायला. पहिला उद्गार क्षमेचा, दुसरा शेजारच्या अपराध्याला दिलेल्या आश्वासनाचा. हे दोन्ही लगेच गेले. पुढचे एकेक करत वाटले गेले आणि नेहमीप्रमाणे चौथा उरला. देवाने आपल्याला का सोडले, असे येशू ज्यात विचारतो, तो हा उद्गार. त्यावर बोलायला कोणीच राजी नसते.

"पोस्टमास्तर, तुम्ही घ्या की," पाळकसाहेब म्हणाले.

निवृत्त पोस्टमास्तर काकांनी दोन्ही हात वर केले. "मागच्या खेपेला मीच घेतलोतो, साहेब. लई अवघड हाय त्यो. माझं बीपी वाढतंय."

सगळे हसले. तेवढ्यात दारातून माझ्या मुलीचा आवाज आला, "मी घेते चौथा."

पाळकसाहेबांनी आनंदाने तिचे नाव टिपले. पाळकबाईंनी माझा हात दाबला. रस्त्याने परतताना मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. मुलगी परत आली, असा अर्थ मी काढला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी लिहायला बसले. चार पाने झाली. सुरुवातीला प्रसंग, मग तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक उदाहरण आणि शेवटी समारोप. देव सोडत नाही, सोडल्यासारखे फक्त वाटते, असा एकूण आशय होता. सुवाच्य अक्षरात पाने लिहून मी ती तिच्या टेबलावर ठेवली. परीक्षा संपेपर्यंत विषय काढला नाही. संपल्यावर एका संध्याकाळी, मी भाजी चिरत असताना, विचारले, "पाठ कधी करणार?"

"करणार न्हाय."

"म्हणजे? बोलायचं न्हाय तुला?"

"बोलणार हाय. पण हे न्हाय." तिने पाने माझ्यासमोर फरशीवर ठेवली. "आई, येशूनं प्रश्न विचारलाय. तू त्याला चार पानं उत्तर लिहिलंयस."

"अगं, उत्तराशिवाय भाषण कसं संपवायचं?"

"त्याचा तरी प्रश्न तिथं कुठं सुटला?" तिचा आवाज खाली आला. "मामासाठी मी पण उपास धरला होता. गेल्यावर मी विचारलं, का गेला म्हणून. जो तो म्हणाला, देवाची इच्छा. तू म्हणालीस, असं विचारू नये."

मी तसे म्हणाले होते. त्या दिवसांत मला स्वतःलाच तो प्रश्न ऐकवत नव्हता, हे तिला सांगता आले नाही. मी विळी आडवी केली आणि चिरलेली भाजी पातेल्यात भरली.

रात्रीच्या जेवणानंतर तिच्या पप्पांना हे सांगितले, तर ते काळजीत पडले. "ती चर्चमध्ये उभं राहून देवाला प्रश्न विचारणार म्हणतेस? आणि वहिनी पुढं बसलेल्या असणार. त्यांचं काय?"

वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, मुलीची मामी. सणांच्या उपासनेला ती सदलग्याहून आमच्याच चर्चला येत असे. तिच्या पप्पांची शंका योग्य होती. पण दुसरी बाजूही मला दिसत होती. वर्गात एखादे मूल गणित सोडवत असताना शिक्षकाने घाईने उत्तर सांगून टाकले, तर मूल उत्तर उतरवून घेते आणि गणिताकडे पुन्हा बघत नाही. आम्ही मंडळीतल्या मुलांना वर्षानुवर्षे उत्तरे उतरवून देत होतो. वय वाढले की मुले वही बंद करून निघून जात होती आणि आम्ही म्हणत होतो, हल्लीच्या पोरांना विश्वास नाही.

"मी तिचं भाषण बघणार न्हाय," मी त्यांना म्हणाले. "फक्त एक सांगेन."

ते एक मी दुसऱ्या दिवशी सांगितले, "मामीला आधी जाऊन भेट. तिला नको वाटलं, तर मामाविषयी बोलू नकोस." मुलगी एकटीच बसने सदलग्याला गेली. संध्याकाळी परतली, ती शेवग्याच्या शेंगांची पिशवी घेऊन. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "मामी म्हणाली, बोल तू."

गुड फ्रायडेला मी पहिल्या बाकावर बसले नाही. मधल्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले. तिसऱ्या उद्गारानंतरचे गीत संपले आणि ती पुढे गेली. हातात कागद नव्हता. पोस्टमास्तर काकांनी बाकावर सावरून बसत माझ्याकडे वळून पाहिले. मी लिहून दिले असणार, अशी त्यांची खात्री होती.

ती म्हणाली, "माझे मामा मला कीबोर्ड शिकवायचे. मी चुकले की बोटावर पेन्सिल मारायचे. ते आजारी पडले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. मी पण केली. ते गेले. का, ते मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल, तर कृपा करून आज सांगू नका." बाकांवरचे वारा घेणारे हात थांबले. "येशूनं विचारलं तेव्हा त्याला वरून काही उत्तर आलेलं मी वाचलं नाही. पण त्याची आई तिथं होती. ती काहीच बोलली नाही, नुसती उभी होती. माझ्याजवळही कुणीतरी नुसतं उभं राहावं, असं मला वाटत होतं. अजून वाटतं. एवढंच."

एवढे बोलून ती शेजारच्या बाकावर बसली. ठरलेल्या वेळेचा बराच भाग शिल्लक होता. गायकांनी पाळकसाहेबांकडे पाहिले, पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. कोणीच उठले नाही. मी उठायला हवे होते, पण मीही उठले नाही. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून वहिनी उठली, सगळ्यांसमोरून चालत गेली आणि मुलीच्या शेजारी बसली. मग मीही गेले आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बसले. गीत कधी सुरू झाले, ते मला आठवत नाही.

उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर पोस्टमास्तर काकांनी मला गाठले. "बाई, लेकीला शेवट शिकवा की जरा. प्रार्थना न करताच बसली."

"शिकंल, काका. न्हाय शिकली तरी चालंल."

"चालंल?" त्यांनी विचारले आणि छत्री उघडत हळूच म्हणाले, "आमची ही गेली तवा मलाबी कुणी काय विचारू दिलं न्हाय."

वहिनीने चपला घालता घालता मुलीच्या गालावरून हात फिरवला. "लई दिसांनी त्यांच्याविषयी कुणीतर बोललं बघ, पोरी. मला बघितलं की सगळी देवाची इच्छा म्हणत्यात, आन् गप होत्यात."

ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला मुलगी आली नाही. ती झोपली होती आणि आम्ही तिला उठवले नाही. दार हळूच ओढून घेताना तिच्या पप्पांना ते किती जड गेले, ते मी पाहिले. मलाही जड गेले. आता ती काही रविवारी येते, काही रविवारी येत नाही. कीबोर्ड अजून दुसरेच कोणीतरी वाजवते. मात्र तिच्या बरोबरीची मुले तिच्याकडे येऊ लागली आहेत. प्रत्येकाचा काही ना काही प्रश्न होता, जो घरी विचारता आला नव्हता. रविवारी संध्याकाळी ती आमच्या गच्चीवर बसतात. आमचे काम त्यांना चहा आणि भडंग देण्यापुरते आहे.

परवा मी भाकऱ्यांचे पीठ मळत होते. गच्चीवरून एका मुलाचा मोठा, ठाम आवाज आला. तो बायबलमधल्या एका संदेष्ट्याची गोष्ट दुसऱ्याच्याच नावावर सांगत होता.

"अगं, चुकतंय की ते," तिचे पप्पा जिन्याकडे बघत म्हणाले. "जा, सांग जा."

मी पाय उचललाही होता. मी तो परत खाली ठेवला आणि पिठात थोडे पाणी घातले. वर थोडा वेळ वाद झाला, कोणीतरी हसले. मग माझ्या मुलीचा आवाज आला, "थांब रं, उगंच भांडू नको. कुठं लिहिलंय ते बघूया." आणि पाने उलटण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.