आत्या रुसते तो सण

तुमच्या देशातला सण वर्गात जरूर साजरा करा, असं मुख्याध्यापिकांनी मोठ्या मनाने सांगितलं आणि मग एकेक अट बाहेर काढायला सुरुवात केली. विस्तव नको. घरचं खाणं वाटायला नको, कुणाला काय बाधेल सांगता येत नाही. आवाज नको, शेजारच्या खोलीत तान्ही मुलं झोपतात. जमिनीवर काही सांडायला नको. बालवर्गाच्या बाई मान डोलवत राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की सणातून सगळं वजा झालंय आणि आपल्या हातात नुसती तारीख उरलीय.

परक्या देशातली ही त्यांची पहिलीच नोकरी. इथे त्या बाई असल्या तरी घरी अजून भटकभवानीच होत्या. हे नाव आत्याने ठेवलेलं. लहानपणी शेजारच्या घरांत शिरून कुणाच्या डब्यात काय आहे, कुणाचं मांजर कुठे व्यालंय, हे बघत फिरणाऱ्या भाचीला तिन्हीसांजेला कान धरून घरी आणायचं काम आत्याकडे असे. आणि हीच भटकभवानी आता परदेशी चालली, हे आत्याला सगळ्यांत शेवटी कळलं, तेही माळ्यावरची मोठी बॅग खाली काढताना. आत्याने बॅग स्वच्छ पुसून दिली आणि तिथून पुढे अवाक्षर काढलं नाही. निघायच्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर केव्हाही फोन लावला, की आत्या नेमकी बाहेर गेलेली असे. आत्या रागावलीय की रुसलीय, एवढंच बाईंना जाणून घ्यायचं होतं. रुसली असेल तर काही बिघडलेलं नव्हतं. रागावली असेल तर मात्र आपण कायमचं काहीतरी तोडून आलो, असं त्यांना वाटे.

सणाच्या दिवशी मुलं गोल करून बसली. पुढचे दोन्ही दात पडलेल्या एका मुलीला बाई मनातल्या मनात खिडकी म्हणत. तिने लगेच तोंड उघडलं.

"सणाला तुमच्या घरी काय होतं?"

"सगळे लवकर उठतात."

"मग?"

"मग बाबांचा चष्मा हरवतो. सगळं घर तो शोधत बसतं."

"मग?"

"मग आत्या रुसते."

शब्द मराठीतच बाहेर पडला, कारण इथल्या भाषेत त्याला जोड सापडेना.

"म्हणजे रागावते?"

"नाही."

"रडते?"

"छे गं!"

मग काय करते? बाई स्वतःच विचारात पडल्या. जन्मभर पाहिलेली गोष्ट, पण कुणाला समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती.

"रागावलेलं माणूस निघून जातं," त्या सावकाश म्हणाल्या. "रुसलेलं कुठे जात नाही. सगळ्यांना दिसेल अशा कोपऱ्यात बसतं, तोंड भिंतीकडे करतं आणि हळूच मागे वळून बघतं, कुणी येतंय का."

"पण आत्या का रुसते?"

"तिला कुणी आधी विचारलेलं नसतं म्हणून. ती उठेपर्यंत कुणी जेवत नाही. सगळे जाऊन म्हणतात, आत्या, चल ना गं."

झालं! प्रत्येकाला आत्याच व्हायचं होतं. खेळण्यांच्या कपाटाशेजारचा कोपरा रुसायला कमी पडू लागला. कुणी गाल फुगवले, कुणी पाठ फिरवली. बाकीचे बाईंनी शिकवलेल्या मराठी शब्दांत मनधरणी करत होते. त्यांच्या तोंडी आत्याचं आत्ता झालं होतं. मुख्याध्यापिका दारातून डोकावल्या, विस्तव आहे का ते बघून गेल्या.

खिडकी कोपऱ्यातून उठून बाईंकडे आली. "तुमची खरी आत्या आज रुसलीय का?"

"कुणास ठाऊक. ती माझ्याशी बोलतच नाही."

"मग विचारा ना!"

इतकं सोपं होतं की काय? बाईंनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. घरी बहुधा सगळे चष्मा शोधत असावेत, कारण फोन आत्यानेच उचलला.

"आत्या?"

"आत्या घरात नाही," आत्याच्याच आवाजात उत्तर आलं.

फोन मात्र बंद झाला नाही. खिडकीने त्याला कान लावला. भाषेचं एक अक्षर तिला कळत नव्हतं, तरी तिने वर्गाकडे वळून निकाल दिला, "रुसते!"

अख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. "आत्ता, चल ना गं! आत्ता, चल ना गं!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आत्ता?" आत्या म्हणाली. "आत्ता कशी येऊ रे पोरांनो? मला कुणी आधी विचारलं का?"

"आता विचारते," बाई घाईघाईने म्हणाल्या. "सगळ्यांत आधी तुलाच विचारतेय, आत्या. इकडे येशील माझ्याकडे?"

"येईन की. पण कपडे कशात भरू? घरातली एकुलती एक धड बॅग तू घेऊन गेलीस, भटकभवाने!"

बाईंना हसू आवरेना आणि रडूही. खिडकीने त्यांची ओढणी ओढली.

"उठली का?"

"उठली," बाई म्हणाल्या. "चला, आपापले डबे उघडा."